हिरडा घ्यायचाय? आधी कुठला ते ठरवा, मग कसा, मग किती

पोट साफ व्हावं म्हणून हिरडा घेतला आणि जेवढं होत होतं तेवढंही बंद झालं, असा माणूस बघितला नसेल तर तो मी. बैठं काम, कोठा जड, इसबगोल करून झालं, कोमट पाणी करून झालं, मग कोणीतरी म्हणालं हिरडा घे, आजी तर सगळ्यांना हिरडाच द्यायची. दुकानातून पाव किलो आणला आणि जास्तीचं डोकं लावलं, की नुसती पावडर खाण्यापेक्षा चांगला शिजवून खाल्ला तर जास्त स्ट्राँग पडेल. रोज रात्री दोन-तीन हिरडे मऊ होईपर्यंत उकडायचे, ते पाणी प्यायचं आणि वर गरही खायचा. चौथ्या दिवशी पोट दगड. वैद्यांकडे गेलो, सगळं सांगितलं, तर ते आधी हसले आणि मग म्हणाले, अहो उकडलेला हिरडा बांधतो, वाटलेला मोकळं करतो, तुम्ही बरोबर उलटं औषध घेताय.

हे काही त्यांचं स्वतःचं नव्हतं, भावमिश्रांच्या भावप्रकाशात, म्हणजे १६व्या शतकातल्या ग्रंथात, एका श्लोकात लिहून ठेवलंय: चावून खाल्लेला हिरडा अग्नी वाढवतो, वाटून घेतलेला मळ काढतो, वाफवलेला किंवा उकडलेला ग्राही म्हणजे बांधणारा, आणि भाजलेला वात, पित्त, कफ या तिन्ही दोषांवर चालतो. फळ एकच, काम चार. त्यामुळे "हिरडा घे" हा सल्ला अर्धवट आहे, आणि उरलेला अर्धा कोणी सांगत नाही म्हणून हे लिहायला घेतलं.

१. आधी सामान आणि कागद जमवा

फार काही लागत नाही:

- बाळहिरडा १०० ग्रॅम (का ते पुढे येतंय)
- एरंडेल किंवा साजूक तूप, दोन चमचे
- दगडी खलबत्ता किंवा मिक्सर
- पातळ सुती कापड, वस्त्रगाळ करायला
- घट्ट झाकणाची काचेची बरणी
- सैंधव, सुंठ, गूळ, यातलं जे लागेल ते
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आणि असतील तर शुगर, थायरॉईड, हिमोग्लोबिनचे रिपोर्ट

शेवटची ओळ वाचून लोक म्हणतात की चूर्णाला रिपोर्ट कशाला. लागतात. वैद्यांकडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की अजून काय चालू आहे, आणि आपण म्हणतो "ती एक पांढरी छोटी गोळी". फोटो काढून ठेवा स्ट्रिपचे, सोपं पडतं.

लोखंडी खल मात्र वापरू नका, मी वापरला होता. हिरड्यात टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) भरपूर असतं आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळी शाई तयार होते, खरोखरची शाई, पूर्वी लिहायची शाई अशीच करायचे. माझं चूर्ण निळसर काळं झालं, बोटं दोन दिवस काळी, आणि आईने विचारलं बिब्बा फोडलास का.

२. कुठला हिरडा?

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. दुकानात नुसतं "हिरडा द्या" म्हटलं तर तो जे पुढे असेल ते देतो. झाड एकच, टर्मिनालिया चेब्युला, पण फळ कधी काढलं यावरून आपल्याकडे तीन नावं पडली आहेत.

बाळहिरडा म्हणजे आठळी धरायच्या आधीचं कोवळं फळ. सुकलं की काळं, सुरकुतलेलं, मनुकेपेक्षा थोडं मोठं नि लांबट. फोडलं तर आत बी नाही, सलग काळा गर. हा सौम्य, घरगुती वापराचा, आजीच्या बटव्यातला हिरडा हाच.

रंगारी हिरडा अर्धवट तयार झालेला, नावातच काम आहे, कातडी कमवायला आणि कापड रंगवताना रंग पक्का बसावा म्हणून वापरतात. हा खायला आणायचा नाही. कलमकारीचं कापड रंगवायच्या आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात, त्याचा तो पिवळट रंग तिथूनच येतो.

सुरवारी हिरडा म्हणजे पूर्ण पिकलेलं मोठं फळ, सुकल्यावर पिवळट तपकिरी, अंगावर पाच पुसट कंगोरे, आत दगडासारखी आठळी. त्रिफळ्यात हाच पडतो, रसायन म्हणून, म्हणजे ताकद टिकवायला, जो वर्षभर घ्यायचा तो पण हाच.

ग्रंथात हिरड्याचे सात प्रकार आहेत, विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती, चेतकी, आणि यूट्यूबवर कोणीतरी हमखास सांगतो की खरी विजया हवी, भोपळ्याच्या आकाराची. सोडून द्या. बाजारात सातही वेगवेगळे आणून देणारा मला तरी भेटला नाही, आणि विजया म्हणून चौपट भावाने विकणाऱ्याकडेही ढिगातूनच निवडलेले असतात.

आपल्याकडचा बाळहिरडा बराचसा सह्याद्रीतून येतो, जुन्नर, आंबेगाव, भीमाशंकरचा पट्टा, अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग. तिथल्या महादेव कोळी कुटुंबांचं पावसाआधीचं नगदी उत्पन्न म्हणजे हा हिरडा, उन्हाळ्यात झाडावर चढून काढायचा, अंगणात वाळवायचा, पाऊस यायच्या आत विकायचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा या भागातली हिरड्याची झाडं पडली, आणि हे झाड भाताच्या रोपासारखं पुढच्या वर्षी परत उभं राहत नाही. ओळखीचं कोणी त्या बाजूचं असेल तर थेट त्यांच्याकडून घ्या, माल ताजा मिळतो आणि पैसे झाडावर चढणाऱ्याला जातात.

३. दुकानात काय बघायचं

भावप्रकाशातली परीक्षा अजूनही चालते: नवा, तुकतुकीत, भरीव, गोलसर, जड, आणि पाण्यात टाकला की बुडणारा हिरडा चांगला. सुरवारी घेताना चार-पाच फळं घरी आणून वाटीभर पाण्यात टाका, तरंगला तर आतून किड्याने खाल्लाय किंवा जुना पोकळ झालाय. बाळहिरड्यात बारीक भोकं आणि तळाला पिठासारखी भुकटी दिसली तर घेऊ नका, दुकानदार म्हणेल धूळ आहे, ती धूळ नसते.

तयार चूर्ण घ्यायचंच असेल तर तारीख बघा. शार्ङ्गधरसंहिता या जुन्या ग्रंथात चूर्णाचं आयुष्य दोन महिने सांगितलंय, त्यानंतर वीर्य म्हणजे औषधाची ताकद कमी होते. पाकिटावर एक्स्पायरी लांबची छापलेली असते ती कायद्याने बरोबरच असेल, पण उघडलेलं पाकीट वर्षभर फडताळात ठेवून मग "आयुर्वेदाचा गुण येत नाही" म्हणायचं नाही. आणि दाताखाली रेती आल्यासारखं कचकच लागलं तर आठळीसकट दळलेलं आहे, गर थोडा आणि लाकूड जास्त.

४. थांबा, तुम्हाला चालतो का?

"ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हिरडा" हा श्लोक सगळ्यांना पाठ, पुढचं पण ऐकलं असेल, आई एखादवेळी रागावेल पण पोटातला हिरडा नाही. छान आहे. पण त्याच परंपरेने हिरडा कोणाला द्यायचा नाही याचीही यादी दिली आहे आणि ती कोणी फॉरवर्ड करत नाही: खूप चालून किंवा प्रवासाने थकलेला, अशक्त, कृश, अंगात कोरडेपणा असलेला, उपास करून गळून गेलेला, पित्त वाढलेला, रक्त गेलेला, आणि गरोदर बाई.

आजच्या भाषेत माझी भर अशी:

- गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर नाही म्हणजे नाही.
- जुलाब, आव चालू असताना स्वतःच्या मनाने नाही.
- लोहाच्या गोळ्या चालू असतील तर हिरडा आणि गोळी एकत्र घेऊ नका, टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. खलात जे झालं तेच पोटात. दोन-तीन तासांचं अंतर तरी हवं.
- डायबेटिसची, रक्त पातळ करायची किंवा थायरॉईडची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- शौचातून रक्त जातंय, वजन उतरतंय, किंवा वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलली, तर हिरडा बाजूला ठेवा आणि तपासणी करा. मूळव्याधच असेल म्हणून सहा महिने चूर्णं खात बसणारे लोक बघितलेत मी.

नवरात्रात नऊ दिवसांचे उपास आणि त्यात "डिटॉक्स" म्हणून रात्री हिरडा, हे कॉम्बिनेशन हल्ली फार दिसतं. वरच्या यादीत उपासाने गळालेला माणूस का आहे ते तिसऱ्या दिवशी कळतं.

५. बाळहिरडा भाजायचा कसा

कच्चा वाटला तरी चालतो पण काहींना पोटात मुरडा येतो, म्हणून एरंडेलात किंवा तुपात परतून घेतात. मी दोन घाणे जाळलेत, त्यामुळे नीट सांगतो.

हिरडा निवडा, काड्या-खडे काढा, ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत पूर्ण कोरडा होऊ द्या. धुवायचा मोह टाळा, पाणी राहिलं की तेल उडतं. स्टीलच्या किंवा पितळी कल्हईच्या कढईत (लोखंडी नाही, सांगितलं ना) एरंडेल घाला, १०० ग्रॅमला एक-दोन चमचे पुरतं, आच एकदम मंद. तेल कोमटपेक्षा जरा गरम झालं की हिरडा घाला आणि हलवत राहा, फोन बाजूला ठेवा. मुळात तो काळाच असतो त्यामुळे रंगावरून काही कळत नाही, हीच गंमत आहे. बघायचं ते फुगणं. सुरकुत्या सुटतात, फळ टम्म होतं, हलकं होतं. फुगला की लगेच बाहेर, कागदावर पसरायचा. सगळे एकदम फुगत नाहीत, जो फुगला तो उचलायचा, बाकीचे राहू द्यायचे. जळका वास आला म्हणजे उशीर झाला, असा हिरडा नुसता कडू कोळसा लागतो, टाकून द्या, वाईट वाटलं तरी.

गार झाला की कुरकुरीत होतो, बोटाने मोडतो. मोडला नाही आणि चिवट लागला तर अजून दोन मिनिटं. मग खलात किंवा मिक्सरला, कापडातून वस्त्रगाळ, बरणीत. एका वेळी महिन्याभराचंच करा.

सुरवारी असेल तर आधी बत्त्याने फोडून आठळी टाकायची. हे कंटाळवाणं काम आहे, आठळीत बरंच वजन जातं, त्यामुळे पाव किलोचं पाव किलो चूर्ण होणार नाही, तेव्हा दुकानदाराला शिव्या देऊ नका.

६. किती, कधी, कशाबरोबर

चूर्णाची ग्रंथोक्त मात्रा साधारण ३ ते ६ ग्रॅम आहे, पण नवीन माणसाने तिथून सुरू करू नये. अर्धा लहान चमचा, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, रात्री झोपताना कोमट पाण्याबरोबर, आणि चार दिवस तेवढंच. कोठा कोणाचा मृदू (थोड्यात मोकळा होणारा), कोणाचा क्रूर (सहज न होणारा), त्यामुळे मित्राची मात्रा तुमची नाही. पहिला दिवस शनिवारी ठेवा. मी सुधारित पद्धतीने पहिल्यांदा घेतला तो रविवारी रात्री, आणि सोमवारी सकाळी सातच्या बसमध्ये जे काही वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अनुपान, म्हणजे औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं ते, बदललं की कामही बदलतं, कफासाठी सैंधव, पित्तासाठी साखर, वातासाठी तूप, आणि गुळाबरोबर सगळीकडे, अशी सरळ वाटणी आहे. मूळव्याधीत गूळ आणि हिरडा ही जोडी जुनी, चरकसंहितेतली. ज्यांना हिरड्याने जळजळ होते त्यांना वैद्य बहुधा मनुकांबरोबर देतात, मला तेच मानवलं.

भूक लागत नाही, जेवण अंगावर येतं अशी तक्रार असेल तर चूर्ण नकोच, जेवणाआधी बाळहिरड्याचा छोटा तुकडा चावून खा. पहिली दोन मिनिटं तोंड आवळून येतं, तुरट, मग आंबट-कडू काहीतरी, आणि वर पाणी प्यालात की गोड लागतं, आवळ्यासारखंच. हिरड्यात खारट सोडून पाचही रस आहेत म्हणतात ते असं जिभेवर कळतं. सुका खोकला, घसा खवखवणं यासाठी भाजलेला तुकडा गालात धरून चघळायचा, गिळायची घाई नाही.

आणि माझा तो उकडलेला प्रकार? तो चुकीचा नाही, फक्त माझ्यासाठी चुकीचा होता. सैल पोटाचा त्रास असलेल्याला वैद्य तसाच देऊ शकतात.

रोज रोज जन्मभर घ्यायचा का, तर पोट साफ करायला म्हणून नाही. दोन-तीन आठवडे घ्या, तोवर पाणी, भाजी, चालणं, जेवणाची वेळ हे सुधारा आणि हळूहळू कमी करा. हिरड्याशिवाय होतच नाही अशी वेळ आली तर पुन्हा वैद्य.

७. ऋतुहरीतकी

वर्षभर रसायन म्हणून घ्यायची पद्धत वेगळी, तिला ऋतुहरीतकी म्हणतात. सुरवारी हिरड्याचं चूर्ण, आणि जोडीदार ऋतूप्रमाणे बदलायचा: वर्षात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. लॉजिक सरळ आहे, शरदात पित्त उसळतं म्हणून साखर, वसंतात कफ सुटतो म्हणून मध. ट्रॅप एकच, लोक वर्षा म्हणजे पाऊस पडेल तोवर असं धरतात. भाद्रपद संपून आश्विन लागला, ऑक्टोबरचं ऊन तापलं, की पाऊस रेंगाळत असला तरी सैंधव बंद आणि साखर सुरू.

८. बाळगुटीबद्दल

हिरड्याचा विषय निघाला की घरातल्या बायका हा प्रश्न विचारतातच. सहाणेवर दुधात उगाळून हिरड्याचे दोन वेढे, मुरडशेंगेचा एक, वगैरे, आपण सगळे त्यावरच वाढलो. पण आज बालरोगतज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका सांगतात आणि ते ऐका. सहाण नीट न धुतलेली, हिरड्याला बुरशी, मधाचं बोट (एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटुलिझमचा धोका असतो), एवढ्या गोष्टी तान्ह्या पोटाला झेपत नाहीत. आजीचं मन मोडवत नसेल तर तिला सहाण घेऊन डॉक्टरांसमोर बसवा. माझ्या बहिणीने हे खरंच केलं होतं, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत थांबायचं यावर तह झाला.

९. दुकानातली नावं

लेबलवर हिरडा शब्द दिसेलच असं नाही. हरीतकी, अभया, पथ्या ही सगळी त्याचीच नावं. अभयारिष्ट म्हटलं की त्यात हा, डोकेदुखीवर देतात त्या पथ्यादि काढ्यातली पथ्या म्हणजे हा, गंधर्वहरीतकी म्हणजे एरंडेलात परतलेला (गंधर्वहस्त हे एरंडाचं नाव), अगस्त्यहरीतकी हा खोकला-दम्यातला अवलेह म्हणजे चाटण, आणि त्रिफळा तर माहीतच आहे, हिरडा बेहडा आवळकाठी. त्यामुळे रात्री त्रिफळा, सकाळी अभयारिष्ट आणि वर गंधर्वहरीतकी असं तिघांनी सुचवलेलं तिन्ही घेत असाल तर तुम्ही एकच फळ तीनदा खाताय. त्रिफळ्याच्या काढ्याने डोळे धुवायचा उद्योग घरी करू नका, गुळण्या करा हव्या तर, तोंड आलेलं असताना बरं वाटतं.

१०. झाड ओळखायचं, लावायचं असेल तर

ट्रेकला गेल्यावर हिरडा ओळखायची सोपी खूण: पान बोटात धरा, देठ पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी हाताला लागतात. साल काळपट तपकिरी, भेगाळ. उन्हाळ्यात पांढरट पिवळे तुरे येतात, वास फारसा चांगला नसतो. बेहडा बऱ्याचदा शेजारीच असतो, त्याची पानं फांदीच्या टोकाला झुबक्याने आणि फळ राखाडी मखमली, गल्लत होणार नाही. अभयारण्यात फळं तोडत बसू नका. बाहेरच्या रानातसुद्धा हिरडा बेवारस नसतो, गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या अशा मालावर, तिथल्या लोकांचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलाय, आणि कुठलं झाड कोणाच्या घरचं हे गावात लहान पोरालाही माहीत असतं.

लावायचा तर पिकून खाली पडलेल्या फळाची आठळी घ्या, बाळहिरडा पेरून काही उगवणार नाही, त्यात बीच नसतं. गर काढून टाका, आठळी दोन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मग पिशवीत पेरा. कवच जाड आहे, महिना-दोन महिने काहीच दिसत नाही, उकरून बघू नका. मी दहा पेरल्या, तीन आल्या, त्यातली एक शेळीने खाल्ली. फळ धरायला बरीच वर्षं लागतात, तोपर्यंत दुकानातूनच आणायचा आहे.